‘पर्यायी विच्छेदन’ की ‘पर्यायी सांधणी’?

परभणीहून एका विज्ञानशिक्षकांनी विचारलं आहे: अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंगला ‘पर्यायी विच्छेदन’ म्हणावं का? आणि ‘डीएनएच्या पर्यायी विच्छेदनामुळे डीएनए बांधणाऱ्या प्रथिनांचं काम बदलतं’ हे वाक्य फळ्यावर चालेल का?

‘विच्छेदन’ नको. त्यात नुसतं कापणं येतं. आपल्याकडे कासरा मधेच झिजला की तेवढा तुकडा काढतात आणि दोन्ही टोकांचे पीळ उकलून एकमेकांत सांधतात. आरएनएचंही, म्हणजे जनुकावरून उतरलेल्या नकलेचंही, तसंच: इंट्रॉन (मधले नको असलेले तुकडे) निघतात, एक्झॉन (ठेवायचे तुकडे) सांधले जातात. म्हणून ‘सांधणी’. एकाच जनुकाच्या आरएनएची ती वेगवेगळ्या तऱ्हेने होऊन प्रथिनाची वेगळी रूपं बनतात, म्हणून ‘पर्यायी’.

वाक्यातली मोठी चूक मात्र ‘डीएनएच्या’ या शब्दात आहे. सांधणी आरएनएची होते, डीएनए जसाच्या तसा राहतो. हे निसटलं की मुलं समजतात, प्रत्येक पेशीत जनुकच वेगळं. ‘बांधणाऱ्या’ही बदला. घर बांधतात तसं ही प्रथिनं डीएनए बांधत नाहीत, त्याला धरतात. ‘डीएनएला धरणारी प्रथिनं’ लिहा.

उदाहरण डब्ल्यूटी-१ या प्रथिनाचं द्या. डीएनएला धरायला त्याला चार ‘जस्त-बोटं’ (झिंक फिंगर) असतात, म्हणजे जस्ताच्या अणूमुळे आकार धरणारे प्रथिनाचे भाग. त्याच्या जनुकाच्या नवव्या एक्झॉनच्या शेवटी कापायच्या दोन जागा आहेत, एकमेकींपासून फक्त ९ अक्षरांवर. पुढच्या जागी कापलं तर लायसिन, थ्रिओनिन, सेरिन ही तीन अमिनो आम्लं तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधे शिरतात. मग चौथं बोट नीट बसत नाही, डीएनएवरची पकड सैल पडते. हे रूप आरएनएच्या कामाकडे जास्त झुकतं. तीन आम्लं नसलेलं रूप डीएनएला घट्ट धरून जनुकांचं नियमन करतं.

‘पर्यायी’ म्हणजे ‘हे नाही तर ते’ असं मात्र शिकवू नका. दोन्ही रूपं एकाच पेशीत हवीत, तीही प्रमाणात. फ्रेझर सिंड्रोम (Frasier) या जनुकीय आजारात बिघाड सहसा नवव्या इंट्रॉनच्या सुरुवातीला असतो. पुढची जागा वापरली जात नाही, तीन आम्लांचं रूप कमी पडतं. बनलेल्या प्रथिनात चूक नसते, तरी मूत्रपिंड आणि लिंगविकास बिघडतो.

दरवेळी पकडच बदलते असंही नाही. फळमाशीच्या डबलसेक्स प्रथिनात नर-मादी दोघांत डीएनएला धरणारा भाग एकच, शेपटी तेवढी वेगळी. दोन्ही रूपं त्याच जागी बसतात. पण शेपटीमुळे परिणाम उलटा: अंड्यातल्या बलकाची जनुकं मादीत चालू होतात, नरात बंद राहतात.