पी-व्हॅल्यू आली, पण अर्थ कळेना

डिसेंबर उलटला की माझ्याकडे एम.ए., एम.एड., नर्सिंगची मुलं एकच चिंता घेऊन येतात. "मॅडम, डेटा गोळा झालाय, एसपीएसएस सॉफ्टवेअरमधून आउटपुटही काढलंय. पण व्हायवात कुणी 'याचा अर्थ काय' असं विचारलं तर मी गेले कामातून." आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य: "माझं गणित पहिल्यापासूनच कच्चं."

हे दुसरं वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. या अभ्यासक्रमांत हाताने करायचं गणित बेरीज-भागाकाराच्या फार पुढे जात नाही, उरलेलं कॉम्प्युटर करतो. मुलं अडतात ती एका विचित्र प्रश्नापाशी: फरक नसताच, तर आकडे कसे दिसले असते? जे घडलंच नाही ते डोळ्यांपुढे आणायचं, आणि सूत्र पाठ करून ते येत नाही.

मागे मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आकडेही सोपे केलेत). घरून येणाऱ्या आणि हॉस्टेलला राहणाऱ्या मुलांची झोप, हा तिचा विषय. दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टचं सूत्र तोंडपाठ. पी-व्हॅल्यू म्हणजे काय? "०.०५ पेक्षा कमी आली की सिग्निफिकंट." म्हणजे काय? गप्प. काळजीने तिचीच झोप उडाली होती. विषय आठवून आम्ही दोघीही हसलो, तेवढाच ताण उतरला.

मी तिला लॅपटॉप बंद करायला लावला आणि आठ चिठ्ठ्या करायला सांगितल्या. घरून येणाऱ्या चौघांची झोप: ६.५, ७, ७.५ आणि ८ तास. हॉस्टेलच्या चौघांची: ५.५, ५.५, ६ आणि ७. एकीकडे सरासरी ७.२५, दुसरीकडे ६. फरक सव्वा तासाचा.

"आता समज, राहण्याच्या जागेचा झोपेशी काही संबंधच नाही. मग कुठली चिठ्ठी कुठल्या गटात, याला काही अर्थ उरतो का?"

"नाही."

"मग पिस आणि वाट."

ती पिसत राहिली, चार-चार वाटत राहिली, दर वेळी फरक वहीत टिपत गेली. कधी पाव तास, कधी शून्य, कधी उलटाच. सव्वा तास काही येईना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मॅडम, हे मोजताही येईल की!" आठांतून चार निवडायचे प्रकार ७०. घरच्या गटाची बेरीज होती २९. सगळ्यात मोठ्या चार चिठ्ठ्यांची बेरीज २९.५, आणि बरोबर २९ येते दोन प्रकारे, कारण ७ ची चिठ्ठी दोनदा आहे. म्हणजे ७० पैकी ३, साधारण ०.०४३: जागेचा झोपेशी संबंध नसताही इतका किंवा याहून मोठा फरक येण्याची शक्यता.

"ही माझी पी-व्हॅल्यू?" तिचा विश्वासच बसेना.

मग मी विचारलं, हॉस्टेलवालेच सव्वा तास जास्त झोपले असते, तर तोही तुला फरक वाटला असता ना? तिने तेही प्रकार मोजले. आणखी तीन. ७० पैकी ६, म्हणजे ०.०८६. आकडा ०.०५ च्या वर गेला, एका क्षणात 'सिग्निफिकंट' निसटलं. ती चिडलीच! "मग खरं कुठलं?" मला ही चीड फार आवडते. डेटा बघण्याआधी तू प्रश्न काय ठरवला होतास, यावर उत्तर अवलंबून आहे, हे तिला सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. वन-टेल (एकाच दिशेचा फरक मोजणं), टू-टेल (दोन्ही दिशांचा) हे शब्द तिने पूर्वी नुसतेच घोकले होते.

ही काही माझी युक्ती नव्हे. कपात दूध आधी ओतलं की चहा आधी हे चवीवरून ओळखते म्हणणाऱ्या बाईंचा प्रयोग संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ साली मांडला, त्यातही आठ कप आणि हेच ७० प्रकार होते. माझ्या विद्यार्थिनीचा पूर्ण डेटा बराच मोठा होता. तिथे पिसायचं काम आम्ही 'आर' या सॉफ्टवेअरवर सोपवलं, हजारो वेळा. निघालेला आकडा टी-टेस्टच्या आकड्याशी जवळपास जुळला तेव्हा तिने सूत्राचं पान पुन्हा उघडलं, या वेळी आपण होऊन. पेपरात सूत्र लिहावंच लागतं. चिठ्ठ्यांनी ते सुटत नाही.

सहसंबंधासाठी, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात हे बघायला, मी आधी आलेख काढून घेते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये दिलेले चार आकडेसंच हाताने काढायला लावते: चारही संचांत सहसंबंध ०.८२ च्या आसपास, पण एक साधा विखुरलेला, एक वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेकट्या बिंदूने सगळं ओढून नेलेलं. तेवढं पुरतं.

व्हायवाच्या आधी त्या झोपेवाल्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, हॉस्टेलमुळे झोप कमी होते असं मी म्हणू शकते का? लांबून आलेली, परीक्षेचं टेन्शन असलेली मुलंच हॉस्टेलला असतील तर?" मी म्हटलं, फिशरच्या प्रयोगात कपांचा क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा ठरवलेला होता. हॉस्टेलला कोण राहणार, हे तसं कुणी ठरवलं होतं का? नव्हतं. प्रबंधाच्या 'मर्यादा' या भागात गाईडनी आयता दिलेला परिच्छेद तिने काढून टाकला आणि तिथे हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं.