इंजिन कव्हरचा रंग उष्णतेनं सुटत नाही, पॉलिशमुळे सुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची डिझेल स्विफ्ट, इंजिनावरचं काळं दाणेदार कव्हर पांढुरकं पडलंय, ते घरच्या घरी लाल करायचंय. मेकॅनिक म्हणतो, आधी पॉलिश पेपर (सँडपेपर) मारून गुळगुळीत करा आणि वरून हीटप्रूफ रंग लावा. शेजाऱ्यांनी असंच केलं होतं आणि महिन्याभरात पापुद्रे निघाले, म्हणून तुम्ही थांबलात. थांबलात ते उत्तम केलंत. मेकॅनिकचे दोन्ही सल्ले या कामाला चुकीचे आहेत, आणि का ते कळलं की बाकीचं काम सोपं आहे.

आधी उष्णतेचं बघू, कारण सगळ्यांची भीती तिथेच असते. लांबचा प्रवास करून आल्यावर बॉनेट उघडा आणि कव्हरच्या वरच्या बाजूला क्षणभर हात लावून बघा. गरम लागेल, पण हात टेकवता येतो. एक्झॉस्टच्या जवळपासही हात नेता येत नाही. कूलंट नव्वद अंशांच्या आसपास चालतं, कव्हर इंजिनापासून थोडं उचललेलं असतं आणि मधे हवा खेळते. एवढ्या उष्णतेला चांगला अ‍ॅक्रिलिक स्प्रे रंग सहज टिकतो. उलट ज्यावर ६०० अंश लिहिलेलं असतं तो सायलेन्सरचा सिलिकॉन रंग पक्का व्हायलाच दोनशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. कव्हर तेवढं कधीच तापत नाही, त्यामुळे तो रंग कायम कच्चा राहतो, नखानं खरवडला जातो. आणि पक्का करायला म्हणून कव्हर ओव्हनमध्ये घालायचा विचार मनातही आणू नका. अशा कव्हरांना बऱ्याचदा वापरलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक १६० अंशांच्या थोडं पुढे वितळतं, आणि वाकडं तर त्याच्या खूप आधी होतं.

मग शेजाऱ्यांचे पापुद्रे कशामुळे निघाले? कव्हर न बघता सांगायचं तर माझा पहिला संशय पॉलिशवर. आपल्याकडे सर्व्हिसिंग किंवा वॉशिंगनंतर इंजिन बे चकचकीत दिसावा म्हणून सिलिकॉनचं ड्रेसिंग फवारायची पद्धत आहे. टायरला मारतात तेच बऱ्याचदा. एवढ्या जुन्या गाडीवर त्याचे किती थर बसले असतील विचार करा. सिलिकॉनवर रंग बसत नाही. फवारताना बारीक गोल खळगे पडतात, पेंटर त्यांना फिश-आय म्हणतात, किंवा रंग वरवर छान दिसतो आणि नंतर पापड सुटावा तसा सुटतो. दुसरा संशयित म्हणजे प्लास्टिकचा प्रकार न बघता मारलेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर.

प्लास्टिक ओळखायला कव्हर काढावं लागेल. इंजिन पूर्ण थंड असताना एकेक कोपरा सरळ वर ओढा. बहुतेक कव्हरं खाली रबरी ग्रोमेटनं गोल मुंडीच्या खिळ्यांवर दाबून बसवलेली असतात, काहींना बोल्टही असतात. तिरकं ओढलंत तर ग्रोमेटची बैठक तुटते. ऑइलचं झाकण काढावं लागलं तर भोकावर स्वच्छ फडकं झाका. काही गाड्यांत कव्हर म्हणजेच एअर फिल्टरचा डबा असतो. तसं असेल तर फिल्टर काढून ठेवा आणि हवेची सगळी तोंडं बंद करा. उलटं केल्यावर आत उंदराचं घरटं सापडलं तर नवल नाही, पावसाळ्यानंतर हमखास असतं. आधी आजूबाजूच्या वायरी तपासा, रंगाचं नंतर.

आतल्या बाजूला दोन कंसांच्या मधे अक्षरं कोरलेली दिसतील. ‘पीए६-जीएफ३०’ सारखं काही असेल तर ते नायलॉन, त्यात तीस टक्के काचतंतू. ‘पीपी-टीडी२०’ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्यात वीस टक्के टाल्क. फरक मोठा आहे. नायलॉन रंग बऱ्यापैकी धरतं, त्याला साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो. पॉलिप्रॉपिलीन काहीच धरत नाही, त्याला प्रायमरच्या आधी अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर, लागतोच. तो पारदर्शक असतो, एक-दोन हलके हात मारायचे, त्यावर घासणी लावायची नाही आणि डब्यावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यात पुढचा थर द्यायचा. ती वेळ टळली तर प्रमोटरचा उपयोग जातो. प्लास्टिक पाण्यावर तरंगलं तर पीपी, बुडलं तर नायलॉन, ही चाचणी इथे फसवते. नुसतं पीपी तरंगतं, पण टाल्क भरलेलं बुडतं. कोरलेली अक्षरंच बघा.

आता धुणं. या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जाऊ द्या. ग्रोमेट काढून डबीत ठेवा. आतला फोम निघत असेल तर काढा, चिकटवलेला असेल तर त्यावर प्लास्टिक टेपनं घट्ट बसवा, कारण फोमनं पाणी प्यालं की दिवसेंदिवस सुकत नाही आणि नेमकं रंग मारताना ते पाणी कडेनं बाहेर येतं. मग डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रावण), मग गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, आणि जुना टूथब्रश. दाण्यांच्या मधल्या खाचांत मळ असतो, फडकं तिथे पोचत नाही. ब्रश गोल फिरवा, अक्षरांच्या कडेनं, बोल्टच्या खळग्यांत. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पांढऱ्या टिश्यूनं पुसा. एकदा पुसलेला टिश्यू परत वापरायचा नाही. टिश्यू स्वच्छ निघेपर्यंत हेच. पेंटवाल्याकडचा एनसी थिनर वापरू नका, काही प्लास्टिकं त्यानं मऊ पडतात आणि दाणे पुसट होतात.

पाणी ओतून बघायची चाचणी नायलॉनवर छान चालते. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब गोळा झाले तर अजून तेलकट. पीपीवर मात्र स्वच्छ असतानाही थेंब गोळा होतात, तिथे टिश्यूवरच भरवसा ठेवा.

हे सगळं झाल्यावरच घासणी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत भरतं आणि मग ते काढणं फार कठीण. घासायचं पॉलिश पेपरनं नाही, कारण पेपर फक्त दाण्यांची टोकं सपाट करतो आणि खाचा तशाच चकचकीत राहतात. परिणामी रंग टोकांवर धरतो, खाचांतून सुटतो, आणि वर ठिकठिकाणी सपाट डाग दिसतात. स्कॉच-ब्राइटची करडी किंवा मरून रंगाची घासणी घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा, ती दाण्यांच्या आकारावर वाकते. चमक गेली की थांबा. पुन्हा धुवा, पुन्हा अल्कोहोल.

गुळगुळीत करायचा मोह सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी जाड प्रायमर-फिलरचे थर आणि ३२०, ६००, ८०० असा पेपर मारत जावं लागतं, आणि तो जाड थरच पुढे तडकतो. शिवाय दाणेदार पृष्ठभाग बोटांचे ठसे, धूळ, बारीक ओरखडे लपवतो. कव्हर दाणेदार बनवलेलंच त्यासाठी असतं.

सुकवायला पंख्याखाली रात्रभर ठेवा. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणू नका, त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं. नायलॉन तर स्वतःच ओलावा शोषतं, म्हणून घाई नको. याच कारणानं पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हे काम काढूच नका. दमट हवेत रंग दुधाळ पडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत सकाळी दहा-अकराची वेळ सगळ्यात चांगली. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर मारलात तर रंग हवेतच सुकून पावडरीसारखा बसतो. संध्याकाळी चिलटं ओल्या रंगावर येऊन चिकटतात. फ्रिजचा किंवा टीव्हीचा मोठा खोका आडवा ठेवून त्यात कव्हर ठेवा, धूळ उडू नये म्हणून खाली जमिनीवर पाणी शिंपडा.

तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क हवा. साधा एन९५ धूळ अडवतो, थिनरच्या वाफा नाही. आणि हार्डनर मिसळलेलं टू-के क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, ते काम पेंट बूथचंच.

लालबद्दल खास सांगायचंय. लाल रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. काळ्यावर थेट मारलात तर काळं दिसायचं थांबेपर्यंत पाच-सहा हात होतात, आणि तोवर दाणे भरून जातात. म्हणून खाली फिका करडा प्रायमर, दोन हलके हात. त्यावर लाल, तीन हलके हात, मधे दहा-दहा मिनिटं. डबा आतली गोळी वाजायला लागल्यानंतरही दोन मिनिटं हलवा. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर. फवारा कव्हरच्या बाहेर सुरू करा, बाहेरच संपवा. पहिल्या हातात खालचं दिसत राहिलंच पाहिजे. एकाच हातात झाकायला गेलात की संपलं. प्रत्येक हात वेगळ्या दिशेनं द्या, म्हणजे दाण्यांच्या सगळ्या बाजूंना रंग पोचतो.

गाडीच्या कलर कोडप्रमाणे मिसळून डब्यात भरून देणारी दुकानं असतात, तिथून रंग घेणार असाल तर तो बेस कोट आहे का विचारा. बेस कोटवर क्लिअर लागतंच. ते मॅट घ्या. ग्लॉस क्लिअर दाण्यांवर कायम ओलं असल्यासारखं दिसतं. वन-के, म्हणजे हार्डनर नसलेल्या, रंगाला पेट्रोल आणि ब्रेक ऑइल चालत नाही, ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, पुसत बसू नका.

उठावाची अक्षरं वेगळ्या रंगात हवी असतील तर मास्किंगच्या भानगडीत पडू नका, दाण्यांवर टेप नीट बसत नाही आणि कडेनं रंग आत जातो. सगळं लाल करा, पक्कं सुकू द्या, मग ऑइल-बेस पेंट मार्करनं अक्षरांची फक्त वरची सपाटी भरा.

पूर्ण कव्हर रंगवण्याआधी आतल्या कडेवर हातभर नको, बोटभर जागेत हीच सगळी प्रक्रिया करून बघा. दोन दिवसांनी कटरनं चौकटी कापा, टेप दाबून झटकन ओढा. टेपवर रंग आला तर धुण्यात किंवा प्रायमरमध्ये खोट आहे, आणि ते आतल्या कडेवर कळलेलं बरं.

रंग हाताला तासाभरात सुका लागेल, पण आठवडाभर गाडीवर बसवू नका. दिवसा कोवळ्या उन्हात ठेवलंत तर लवकर पक्का होतो. बसवताना ग्रोमेटला थोडं साबणाचं पाणी लावा, म्हणजे जोर लावावा लागणार नाही. आणि यापुढे सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘इंजिनवर पॉलिश मारू नका’ असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

कव्हर काढलंत की आतली अक्षरं कळवा, प्रमोटर घ्यायचा की नाही ते त्यावरून नक्की सांगतो. तोपर्यंत प्रायमर विकत घेऊ नका.