सायकल दुरुस्ती – वाचकांचे प्रश्न: फ्रीहब आधी धुवा, मग बदला

प्रश्न (नाशिक): माझी ८ गिअरची हायब्रिड सायकल आहे, मागचा हब शिमानोचा. पावसाळा संपल्यापासून चढावर मधूनच पेडल रिकामं जातं. पेडल थांबवलं की चेन वरच्या बाजूने सैल पडून लोंबते. दुकानात पूर्ण चाक बदलायला सांगितलं. फ्रीहब घरी काढता येईल का?

उत्तर: येईल, आणि चाक बदलायची गरज बहुधा नाही. फ्रीहब म्हणजे हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) तो तुकडा, ज्यावर गिअरच्या चकत्या बसतात. त्याच्या आत पॉल असतात, म्हणजे स्प्रिंगने उचलल्या जाणाऱ्या छोट्या खिट्या. जुनं ग्रीस आणि चिखल मिळून चिकट झालं की त्या वेळेवर उठत नाहीत आणि पेडल रिकामं जातं. त्याच घाणीमुळे आतले छर्रे जड फिरतात, मग चाक कॅसेटला (गिअरच्या चकत्यांच्या संचाला) सोबत ओढतं आणि चेन वर ढकलली जाते. हे दुखणं अंगावर काढू नका. लोंबलेली चेन स्पोकमध्ये गेली तर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मोडतो.

आधी चेन आणि कॅसेट झिजलेली नाही ना, ते बघून घ्या. झिजलेल्या दात्यांवरून चेन उडाली तरी पायाला तसाच झटका बसतो. सगळ्याच गिअरवर पेडल रिकामं जात असेल, तर संशय फ्रीहबवर.

लागणारी हत्यारं: कॅसेट लॉकरिंगचं (कॅसेट जागेवर धरणाऱ्या आट्यांच्या रिंगचं) टूल, चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारी, चेनचा तुकडा लावलेली पट्टी), १५ मिमीचा पातळ कोन पाना (कोन म्हणजे एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा निमुळता नट), १७ मिमीचा पाना आणि १० मिमीची लांब ॲलन की. चेन व्हिप नसेल तर लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा बोल्टने जोडला तरी काम भागतं. कोन पाना मात्र खराच हवा. साधा पाना जाड असतो, तो कोनच्या खाचेत बसतच नाही.

क्विक रिलीज पूर्ण बाहेर काढा. कॅसेटच्या मोठ्या चकतीला चेन व्हिप लावून ती धरून ठेवा आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. पहिल्या झटक्याला कडकड आवाज येतो. लॉकरिंगखालच्या खाचांचा तो आवाज, काही तुटलेलं नसतं. चकत्या आणि मधले स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

आता एक्सल. गिअरच्या बाजूचे नट आणि कोन आहेत तसेच राहू द्या, फक्त डावी बाजू सोडवा. म्हणजे परत बसवताना एक्सल दोन्हीकडे पूर्वीइतकाच बाहेर राहतो. खाली ताट ठेवून एक्सल उजवीकडून ओढा. मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची ९, असे एकूण १८ छर्रे असतात. मोजून घ्या, एखादा ग्रीसमध्ये वाटीच्या तळाशी चिकटून राहतो.

एक्सल निघाला की उजवीकडून आत पाहा, पोकळ बोल्टचं षटकोनी भोक दिसेल. त्यात १० मिमीची ॲलन की पूर्ण खोल बसवा. (मोठ्या व्यासाचा ॲल्युमिनियम एक्सल असलेल्या काही हबना १४ मिमीची लागते.) आटे साधेच आहेत, घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतात. पण हा बोल्ट कंपनीत ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच बसलेला असतो. आखूड कीने नुसती मनगटं दुखतील. की व्हाइसमध्ये उभी पकडा, चाक फ्रीहब खाली करून तिच्यावर बसवा आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट रिमला धरून फिरवा. अख्ख्या चाकाची तरफ मिळते, बोल्ट निमूट सुटतो. की अर्धवट बसली असेल तर मात्र बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग खरंच चाक बदलावं लागतं. बोल्ट निघाल्यावर फ्रीहब हातात येतो. त्यामागे पातळ वायसर असेल तर तो हरवू नका.

इथे बऱ्याच जणांना फ्रीहब आतून उघडून बघायचा मोह होतो. आमचं स्पष्ट मत: उघडू नका. तोंडावरची वाटी उलट्या आट्यांची आहे आणि तिला वेगळं टूल लागतं. आत १/८ इंची साधारण पन्नास छर्रे, केसासारखी बारीक स्प्रिंग आणि ढिलाई ठरवणाऱ्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात. शिमानो हा भाग उघडण्यासाठी बनवतच नाही, पूर्ण बदलायला विकते.

न उघडता धुवायची पद्धत अशी. मागच्या बाजूचं पातळ रबरी सील बोथट टोकाने अलगद काढा. डब्यात डिझेल किंवा रॉकेल घ्या (पेट्रोल नको, भडका उडतो), फ्रीहब बुडवून फिरवा. काळं पाणी निघेल. डिझेल बदलत बदलत, ते स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. मग कापडावर उभा करून रात्रभर निथळू द्या. घाई केली तर आत राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करून टाकतं.

नंतर मागच्या फटीतून ईपी ९० गिअर ऑइल थेंब थेंब सोडा आणि फिरवत राहा. दुसऱ्या टोकाला तेल दिसलं की पुरे. आत जाड ग्रीस भरू नका. ज्या दुखण्यासाठी हे सगळं केलं, तेच परत येईल. हिवाळ्यात लडाख-स्पितीला जाणार असाल तर मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल बरं, कारण गिअर ऑइल थंडीत घट्ट होतं.

बसवताना बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळा. वाट्या पुसून ग्रीस भरा, दर बाजूला ९ छर्रे ठेवा. थोडी फट उरते, तिच्यात दहावा कोंबू नका. कोन असा लावा की एक्सलला अगदी किंचित खेळ राहील. क्विक रिलीज आवळल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. आधीच घट्ट बसवलात तर आवळल्यावर छर्रे कोनला चरे पाडतात. शेवटी कॅसेट बसवा: एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळवली की चकत्या सरळ जातात. लॉकरिंग हाताने सुरू करा, त्याचे आटे फार बारीक असतात आणि तिरके बसले की फ्रीहब गेला. आवळणी ४० न्यूटन-मीटर.

धुऊनही पेडल रिकामं जात असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल, तर नवा फ्रीहब घ्या. उजव्या बाजूची वाटी त्याच्यातच असल्याने तीही आपोआप नवी होते. हाताने धरल्यावर फ्रीहब जरासा डगमगतो, तेवढ्यावरून तो बाद ठरवू नका.

प्रश्न (ठाणे): माझ्या चाकात सीलबंद बेअरिंग आहेत. तिथेही हेच सगळं करायचं का?

उत्तर: नाही, तुमचं काम खूप सोपं. बऱ्याच हबच्या टोकाच्या टोप्या हाताने किंवा दोन ॲलन कींनी निघतात, मग फ्रीहब सरळ बाहेर ओढायचा. पॉल आणि स्प्रिंग उडू शकतात, म्हणून कापडावर काम करा आणि आधी फोटो काढून ठेवा. पुसून पॉलना अगदी पातळ ग्रीसचा नुसता हात द्या. बसवताना पॉल बाहेर फाकतात. त्यांच्याभोवती शिवणाचा दोरा गुंडाळा, फ्रीहब आत सरकवा, दोरा ओढून घ्या. डीटी स्विसच्या रॅचेट हबमध्ये पॉलऐवजी दोन दातेरी चकत्या असतात. त्यांना कंपनीचंच ग्रीस वापरावं, इतर घट्ट ग्रीसने चकत्या वेळेवर अडकत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या ७ गिअरच्या सायकलला फ्रीहब आहे की फ्रीव्हील, कसं ओळखायचं?

उत्तर: चाक काढा आणि गिअर उलटे फिरवा. मधली टूल बसायची खाच गिअरसोबत फिरली तर कॅसेट, म्हणजे फ्रीहब. खाच जागेवरच राहिली तर आट्यांचं फ्रीव्हील, म्हणजे चकत्या आणि पॉल एकत्रच असलेला, हबवर आट्यांनी बसणारा भाग. ते काढायला त्याच खाचेचा रिमूव्हर लागतो, आणि पेडल मारून मारून ते घट्ट होत गेलेलं असतं, म्हणून इथेही रिमूव्हर व्हाइसमध्ये धरून चाकच फिरवा. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.

प्रश्न (पुणे): ११ गिअरच्या रोड फ्रीहबवर १० गिअरची कॅसेट बसवली. लॉकरिंग पूर्ण आवळूनही चकत्या हलतात.

उत्तर: ११ गिअरचा रोड फ्रीहब १० गिअरच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमीने लांब असतो. कॅसेटच्या मागे तेवढ्याच जाडीचा स्पेसर घाला. काही १० गिअरच्या कॅसेटसोबत १ मिमीचा वेगळा स्पेसर येतो, तोही मग त्याच्या जोडीला लागेल.