पेटीतलं पाचवं

बेटा,

शनिवारी तू वर्कशॉपवर आलीस तेव्हा हॉबिंग मशीनवर जॉब लागलेला होता, त्यामुळे तुझ्याशी धड बोलता आलं नाही. "आमच्या स्वर्व्ह रोबोला कोणतं मॉड्यूल घेऊ काका?" असं तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा "बघू" म्हणालो. स्वर्व्ह म्हणजे प्रत्येक चाक वेगळं फिरतं आणि वेगळं वळतं; एक चाक, त्याच्या दोन मोटरी आणि गिअर असा एक संच म्हणजे एक मॉड्यूल. नंतर शटरमधून पाहिलं तर तू फाट्यावर भर उन्हात रिक्षाची वाट बघत उभी. मला वाईट वाटलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझा तक्ता मी रात्री नीट पाहिला. सोळा रकाने आहेत. वेग, वजन, गिअरचा रेशो, चाकाचा व्यास, मोटर, चाकाचा कोन मोजणारा एन्कोडर, किंमत, कस्टम ड्यूटी, सगळं आहे, रंगही भरलेस. फक्त "किती नग" हा रकाना नाही. चाकं चार, म्हणून मॉड्यूल चार, हे तू धरूनच चाललीस. माझं सगळं भांडण त्या न काढलेल्या रकान्याशी आहे. जे मॉड्यूल पाच घेणं परवडत नाही ते तुमच्या टीमचं नाही, मग ते जगात कितीही चांगलं असो. चार कोपऱ्यांना चार आणि पेटीत एक.

तुझ्या घरी कपाशी आहे म्हणालीस ना? मग वडिलांना विचार, नांग्या भरायला बी राखून ठेवतात की सगळी पाकिटं पहिल्याच दिवशी टोबून मोकळे होतात? उगवण कितीही चांगली झाली तरी नांग्या पडतातच. कुठे पडतील ते आधी सांगता येत नाही, एवढंच.

आता तुझी पहिली पसंती बघू. सगळ्यात वर तू एमके४आय हे तयार मॉड्यूल ठेवलंस, त्यात एल३ हा वेगवान रेशो आणि क्रॅकेन मोटर, कारण तिथे सेकंदाला ५.२ मीटर येतात. सगळ्यात खाली तेच मॉड्यूल निओ मोटर आणि एल१ रेशोवर, ३.७ मीटर म्हणून. आकडे बरोबर आहेत, मी करून पाहिले: निओचे मिनिटाला ५,६७६ फेरे, भागिले एल१ चा रेशो ८.१४, गुणिले चार इंची चाकाचा परीघ. पण हे बिनभाराचे आकडे आहेत. रोबो शून्यावरून निघतो आणि शून्यावर येऊन थांबतो. दहा मीटरची एक धाव घे. वेग धरणं आणि सोडणं शेवटी चाकाच्या पकडीवर अडतं, म्हणून दोन्ही जोडण्यांना एकच प्रवेग धर: दर सेकंदाला वेग सेकंदाला ३ मीटरने वाढतो किंवा उतरतो. तुझ्या सगळ्यात खालच्या जोडणीला ३.९४ सेकंद लागतात आणि सगळ्यात वरच्या महागड्या जोडणीला ३.६६. पाव सेकंद! या पाव सेकंदासाठी तू आठ मोटरांमागे जास्तीचे पैसे घालतेस आणि पाचव्या नगाला पैसे उरत नाहीत म्हणतेस. हे मला पटत नाही. कागद घे आणि पुन्हा जोड.

मॅक्सस्वर्व्ह या दुसऱ्या मॉड्यूलबद्दल विचारलंस. लहान आहे, हलकं आहे, चाक तीन इंची. वळवायला निओ ५५० ही छोटी मोटर आहे. ती अडकून राहिली तर फार लवकर तापते. कंपनीच्या नमुना कोडमध्येच तिला २० अँपिअरची मर्यादा घातलेली असते, ती कुणी शहाणपणा करून वाढवू नये. मॉड्यूल चांगलं आहे. पाच येतात का? येत असतील तर खुशाल घे.

थ्रीडी प्रिंटचा विचार मात्र आजच सोड. पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांला मऊ पडायला लागतं. मे महिन्यात भुसावळला दुपारी बंद गाडीत रोबो ठेवून जेवायला जा आणि येऊन बघ मोटरची बैठक कशी झालीय ते.

स्वतः बनवायचं असेल तर त्यात मी पडेन, आणि आनंदाने पडेन. पण ऐक. गिअर कापताना खरा वेळ जातो सेटिंगला. एकदा सेटिंग लागलं की चार ब्लँक, म्हणजे दात न पाडलेल्या चकत्या, काय आणि पाच काय, अर्ध्या तासाचा फरक. तोच पाचवा नग महिन्याने मागायला आलीस तर पुन्हा सेटिंग, पुन्हा हार्डनिंगच्या भट्टीत एकट्या नगासाठी जागा शोधणं, आणि कुठलाही भट्टीवाला एका नगासाठी भट्टी पेटवत नाही. म्हणून बनव किंवा विकत घे, पाचवं पहिल्याच दिवशी.

आता मी हे इतकं का धरून बसलोय ते सांगतो. शेवटच्या वर्षाला आम्हीही स्वर्व्ह केला होता. तेव्हा तयार मॉड्यूल मागवणं आमच्या डोक्यातही नव्हतं. प्लेटा आम्ही कापल्या, बेव्हल गिअर, म्हणजे फिरणं काटकोनात वळवणारे तिरप्या दातांचे गिअर, बाहेरून करून आणले. पाचव्या संचाचे पैसे होते. पैसे आहेत हे मला माहीत होतं, कारण हिशेबाची वही माझ्याकडे होती. त्या पैशांत आम्ही प्लेटा निळ्या ॲनोडाइज केल्या आणि सगळ्यांना टी-शर्ट शिवले. दुसऱ्या सामन्यात मागच्या डाव्या मॉड्यूलच्या बेव्हल पिनियनचे, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरचे, दोन दात गेले. तीन चाकं पुढे ओढतात आणि चौथं नुसतं घासतं, रोबो जागेवरच गोल फिरायला लागला. आमचा चालवणारा पोरगा रिमोट हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याला काय करायचं ते माझ्याकडून हवं होतं, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. पेटी होती, तिच्यात पाने आणि इन्सुलेशन टेप.

पुढे कितीतरी वर्षं मी गिअर करून देणाऱ्याला दोष दिला. केस हार्डनिंग, म्हणजे वरचा थर कडक, केलंय असं सांगून त्याने मऊ माल दिला होता, आणि ते खरंच आहे, पिनियनवर कानस सरळ चालत होती. पण कानस मी घरी आल्यावर चालवली. आधी का नाही चालवली? आणि माल मऊ असो की कडक, दात कधीतरी जाणारच हे टर्नरच्या पोराला कळायला हवं होतं. ते पिनियन अजून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

पाचवं पेटीत म्हणजे ते पेटीत झोपवायचं असं मात्र समजू नकोस. तिथेच सगळ्या टीमची गल्लत होते. पाचवं सगळ्यात आधी जोडायचं आणि कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर पकडीत आवळून द्यायचं. चॅसी तयार होईपर्यंत तो रिकामा का बसेल? वळण ९० अंशांपेक्षा जास्त येत असेल तर चाक उलटं फिरवून लहान वाटेने न्यायचं, हे त्याला तिथेच बसवता येतं. एन्कोडरचं मॅग्नेट सैल आहे का तेही तिथेच कळतं. ते मॅग्नेट डिंकाने पक्कं करा. ते जरा सरकलं तरी चाकाचा कोन चुकतो आणि तुम्ही दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसता.

मग ऑफसेट, म्हणजे चाक अगदी सरळ असताना एन्कोडर दाखवतो तो आकडा. रोबो ठोकळ्यांवर उचल. सगळ्या चाकांचे बेव्हल गिअर एकाच बाजूला, समज डावीकडे कर. ॲल्युमिनियमचं सरळ चॅनेल पुढच्या आणि मागच्या चाकाला एकदम टेकव, उजेड दिसायला नको, आणि मग आकडा वाच. एकही गिअर उलट्या बाजूला राहिला तर ते चाक मागे पळेल. पाचवं मॉड्यूल चारही कोपऱ्यांत आळीपाळीने बसवून चार आकडे घे आणि मास्किंग टेपवर लिहून त्याच्याच अंगावर चिकटव. नंतर घड्याळ लावून बदलायचा सराव करा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील. ती सहावर येईपर्यंत मला फोन करू नका.

एका वर्षी एका टीमने माझं ऐकलं आणि पाच घेतले. पेटी एकदाही उघडावी लागली नाही, टीम लवकर बाहेर पडली, आणि त्यांच्या सरांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं की तुमच्या हट्टापायी आमचे पैसे अडकले, त्यात वस्तू पकडणारा चांगला ग्रिपर झाला असता. कदाचित झाला असता. मी तेव्हा गप्प बसलो. पण आज तुला सांगतो, तीच टीम पुन्हा आली तरी मी पाचच सांगेन. त्यांचा चालवणारा पोरगा सरावात भिंतीवर धडकायला घाबरत नव्हता. चारवाली पोरं रोबो काचेच्या बरणीसारखा जपतात आणि मैदानावर पहिल्यांदाच जोरात चालवतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कुणी हट्ट म्हटलं तरी चालेल.

तू म्हणशील, काका, कॉलेजने दिलेत तेवढ्यात चारच बसतात, पाचवं आणू कुठून? तर मग तीन चाकांवर कर. हो, तीन. चुलीचे तीन दगड कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत. तीन चाकं तशीच, तिन्ही कायम टेकलेली, उंचसखल फळीवरही. चौथं पेटीत. तोटा खरा आहे: दोन चाकांच्या मधल्या दिशेला ब्रेक मारला की रोबो कलंडायला बघतो, म्हणून बॅटरी अगदी तळाशी घ्यावी लागेल आणि वरचा हात आखूड करावा लागेल. तुझ्या डिझाइनवाल्याला ते आवडणार नाही. त्याला माझ्याकडे पाठव.

रविवारी ये. पुढचं गेट बंद असेल, मागच्या शटरने ये. लॅपटॉप आण, आणि तक्त्यात सतरावा रकाना काढून आण. बाहेरून मागवायचं ठरलं तर पार्सल कस्टममध्ये किती दिवस अडकेल याचा भरवसा नाही, तेव्हा ऑर्डर दिवाळीच्या आत जायला हवी. स्वतः बनवायचं ठरलं तर ड्रॉइंगवर पिनियनचा मटेरियल ग्रेड स्पष्ट लिही. कानस मी काढून ठेवतो, तुझ्यासमोर चालवून बघू.

तुझा,
एमआयडीसीतला काका