मुलगी शिक्षिका झाली, आता तिचं लिखाण बंद करायचं का?

प्रश्न : माझी मुलगी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवडली गेली आहे, पुढच्या आठवड्यात रुजू होईल. कॉलेजपासून ती ब्लॉग लिहिते, फेसबुकवर रोखठोक मतं मांडते. मी राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. ‘आता हे बंद कर’ म्हटलं, तर म्हणते, ‘शाळा सुटल्यावर मी काय लिहिते तो माझा प्रश्न.’ काय करावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. बंद करायला सांगू नका. पण तिचं म्हणणंही पुरतं बरोबर नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांचा सूर तुमच्या ओळखीच्या, राज्य कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या नियमांसारखाच : सरकारी धोरणावर जाहीर टीका नको. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयानं समाजमाध्यमांबाबतही तेच बजावलं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात घेतले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, असंही त्यात आहे. इथेच तरुण मंडळी फसतात. खातं वेगळं काढलं, ‘मतं वैयक्तिक’ अशी पाटी लावली, की आपण मोकळे! पाटीनं काही होत नाही, टोपणनावानंही नाही. चौकशी लागते ती मजकुरावर.

सरकारी नोकरीत आल्यानं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही, असं त्रिपुरा उच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये एका कर्मचारी महिलेच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात म्हटलं होतं. दिलासा खरा, पण 16,000 रुपये मानधनावर, तीन वर्षांच्या शिक्षणसेवक काळात कोर्टाची पायरी चढणं परवडायचं नाही.

मग लिहायचं काय? भरपूर. काड्यांचे गठ्ठे सोडून हातच्याची वजाबाकी कशी शिकवली, घरी वेगळी बोली बोलणारी पोरं पहिलीत कुठे अडतात, हे शिक्षकाशिवाय कोण लिहिणार? साहित्यिक लेखनाला या नियमांत मोकळीक आहे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ खराब आला, तर मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. बदल्यांच्या धोरणावर बोलायला शिक्षक संघटना आहेत. ब्लॉगवर जाहिरातींचे पैसे येऊ लागले, तर आधी वरिष्ठांची परवानगी.

मला खरी काळजी वाटते ती मुलांची, आणि ती वर्तणूक नियमांपेक्षा मोठी आहे. समजा तिनं लिहिलं, ‘आज चौथीतली एक मुलगी उपाशी आली, बाप दारू पिऊन पडलेला.’ नाव नाही, फोटो नाही. पण गाव साठ घरांचं आणि चौथीत मुली दोनच. संध्याकाळपर्यंत पोस्ट शाळा व्यवस्थापन समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी शाळेत नाही. तिथे मत वैयक्तिक की व्यावसायिक हा वाद निरर्थक ठरतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर बालकाची ओळख उघड करणं हा पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. असा प्रसंग लिहायचाच असेल, तर गाव, इयत्ता, काळ सगळं बदलून, दोन-चार वर्षांनी लिहावा.

तिच्या जुन्या पोस्टचं विचाराल. शिक्षक भरती रखडली म्हणून तिनं सरकारला झोडपलं असेल, तर तेव्हा ती कर्मचारी नव्हती. त्यासाठी घाबरून सगळं पुसायची गरज नाही. फक्त रुजू झाल्यावर त्या पुन्हा शेअर करू नयेत. आणि वर्तणूक नियमांची प्रत तिनं स्वतः वाचावी, तुमच्या तोंडून ऐकू नये. मुलं बापाच्या तोंडचे नियम ऐकत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं!