धुऱ्यावरची झाडे, पिकाचा उतारा आणि सरकारी मदत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकरांत कपाशी आणि दोन एकरांत सोयाबीन व तूर असते. नैसर्गिक शेतीकडे वळावे असे मला वाटते. मात्र पहिली दोन-तीन वर्षे उतारा घटेल आणि ती घट सरकार भरून देणार नाही, असे वडिलांचे म्हणणे आहे. धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) निंब, बोरी आणि पळस तोडून तेवढी जागा पिकाखाली आणावी, असेही ते म्हणतात. इंग्लंडमध्ये शेताच्या कडेचा झाडोरा राखण्यासाठी शेतकऱ्याला पैसे मिळतात, असे वाचनात आले. आपल्याकडे नेमके काय मिळते? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : उताऱ्याबद्दल आपल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे, आणि ते मान्य करूनच पुढचा हिशेब मांडला पाहिजे. केंद्राची सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून चालू आहे. तिच्या सुधारित स्वरूपात वीस हेक्टरांच्या गटाला तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेले आहेत. त्यांपैकी १५,००० रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी (खते, अर्क वगैरे) थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण व विक्रीव्यवस्थेवर खर्च होते. म्हणजे आपल्या हाती एकरी, वर्षाला साधारण दोन हजार रुपये पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले. त्यात एकरी, वर्षाला चार हजार रुपये दोन वर्षे मिळतात, पण एका शेतकऱ्याला एका एकरापुरतेच. जीवामृत, दशपर्णी अर्क यांसारख्या गोष्टी गावाजवळ मिळाव्यात म्हणून १०,००० निविष्ठा केंद्रे उभारण्याचेही या अभियानात ठरले आहे.

घटलेल्या उताऱ्याची भरपाई यांपैकी कशातूनही होत नाही. पीकविम्यातूनही ती होणार नाही, कारण उत्पन्नातील घट विमा महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या अनेक गावांच्या, सरासरीवरून मोजतो. मंडळात सगळीकडे बरे पीक असताना एकट्या आपल्या रानात कमी आले, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. दुसरीकडे, युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते आणि तिच्यावरचे मोठे अनुदान अर्ज, गट किंवा प्रशिक्षण यांवाचून प्रत्येक गोणीसोबत आपोआप येते. जमिनीचा पोत राखू पाहणाऱ्याने मात्र गट जमवावा, नोंदवही ठेवावी आणि हप्त्याची वाट पाहावी, अशी रचना आहे. रासायनिक खतांचा वापर घटवून वाचलेल्या अनुदानाची निम्मी रक्कम राज्यांना देणारी पीएम-प्रणाम योजना २०२३ मध्ये आली. पण ते पैसे राज्याला मिळतात, खत कमी वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात थेट येत नाहीत. हा उलटा कल जोवर बदलत नाही, तोवर आपल्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याने सगळे रान एकदम पालटण्याचा धोका पत्करावा, असे मी म्हणणार नाही.

म्हणून सुरुवात सोयाबीन-तुरीच्या दोन एकरांपैकी एका एकरापासून करावी. दोन्ही पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणत असल्याने रासायनिक नत्र थांबवल्याचा फटका कपाशीपेक्षा येथे कमी बसतो. त्या एकरात या हंगामात तूर आणि ज्वारी घेऊन दुसऱ्या एकरात नुसते सोयाबीन ठेवल्यास आणखी बरे, कारण तेच पीक एका तुकड्यात सेंद्रिय आणि शेजारच्या तुकड्यात रासायनिक असे एकाच वेळी घेणे प्रमाणीकरणात चालत नाही. कपाशीची अडचण वेगळी आहे. बाजारातील जवळजवळ सगळे कपाशीचे बियाणे बीटी आहे आणि जनुक बदललेले बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात मुळीच बसत नाही. गटात नाव देण्यापूर्वी उरलेल्या कपाशीच्या रानाबद्दल नियम काय सांगतो, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी घ्यावे. तोंडी भरवशावर तीन वर्षे काढून शेवटी प्रमाणपत्र न मिळणे फार जिव्हारी लागते.

धुऱ्याच्या बाबतीत मात्र मी वडिलांशी सहमत नाही. झाडांच्या सावलीने कडेची तासे (पिकाच्या ओळी) दबतात, हे खरे आहे; त्यासाठी फांद्या छाटाव्यात, झाड तोडू नये. त्या फांद्यांवर बसणारे कोतवाल आणि साळुंक्या तुरीवरच्या घाटेअळ्या टिपतात, पाल्याचे आच्छादन होते, आणि शेजाऱ्याच्या फवारणीचे तुषार अडवायलाही दाट धुऱ्याचा उपयोग होतो. सेंद्रिय गटाच्या तपासणीत शेजारच्या रासायनिक रानापासून राखलेले अंतर पाहिले जाते. आज ज्या पट्ट्याला वडील वाया गेलेली जमीन समजतात, तोच आपल्या प्रमाणपत्राची राखण करील.

इंग्लंडविषयी आपण वाचलेले खरे आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथे केवळ जमीनधारणेवर मिळणारे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले आणि झाडोरा, माती व फुलपट्टे राखण्याचे पैसे देणारी योजना २०२२ मध्ये सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये मात्र निधी संपल्याचे सांगून नवे अर्ज अचानक बंद झाले आणि तयारीत असलेले अनेक शेतकरी अडकले. आपल्याकडे उभा धुरा राखण्यासाठी असा थेट मोबदला नाही. तो मिळायला हवा, अशी माझी ठाम मागणी आहे, कारण त्या झाडांचा लाभ साऱ्या शिवाराला होतो आणि जागा एकटा शेतकरी सोडतो.

प्रश्न : आम्ही कांद्याचे बियाणे करतो. गोंडे (फुलांचे झुबके) भरपूर येतात, पण अलीकडे बी नीट भरत नाही. मधमाश्यांच्या पेट्यांसाठी मदत मिळते का? – एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : मिळते. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःची गुंतवणूक असते, प्रशिक्षण दिले जाते आणि मधाची खरेदीही मंडळ करते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, ते याच मंडळाच्या पुढाकाराने.

कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो आणि ते काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. म्हणून पेट्या आणण्याआधी फवारणीचे वेळापत्रक बदला. गोंडे फुलल्यावर कीटकनाशक टाळावे. फुलकिड्यांसाठी जे करायचे ते फुले उमलण्यापूर्वी उरकावे, आणि अगदीच गरज पडली तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, सांजवेळी फवारावे. शेजारच्या बियाणे उत्पादकांशीही हे ठरवून घ्या, कारण माश्या आपल्या रानाची हद्द ओळखत नाहीत.