आखाड्यावरची थंडी : पांढरं पडलेलं गवत आणि गारठलेलं करडू

प्रश्न : काकू, आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, जिंतूर तालुक्यात, ओढ्याच्या काठी. अडीच एकर रान, सात शेळ्या, एक गाय, पत्र्याचा गोठा. मागच्या आठवड्यात एका सकाळी ओढ्याकडच्या गवतावर आणि हरभऱ्याच्या शेंड्यांवर मीठ भुरभुरल्यागत पांढरं दिसलं. बातम्यांत तर पारा ५ अंश सांगत होते. पाणी शून्यावर गोठतं असं शाळेत शिकलो, मग हे काय? त्याच रात्री दोन दिवसांचं एक करडू गेलं. गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली होती, आत शेकोटीही होती. चुकलं कुठं? – एक शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : दादा, करडाचं वाचून जीव हळहळला. जनावरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, पण तुमच्या पत्रातली ताडपत्री मी माझ्याच गोठ्याला बांधली होती. २०१८ चा डिसेंबर संपत आला होता, परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता. शेळ्यांना वारा लागू नये म्हणून मी फट म्हणून ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी शेळ्या खोकायला लागल्या आणि आठवड्यात दोन करडं निमोनियानं गेली. थंडीनं नाही, मी कोंडलेल्या हवेनं गेली.

आधी तुमच्या पांढऱ्या गवताचं सांगते, कारण गोठ्याचं उत्तरही त्यातच आहे. बातम्यांतला आकडा जमिनीवरचा नसतो. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. दिवसभर रानानं घेतलेली ऊब रात्री आभाळाकडे निघून जाते. ढग असले तर त्यातली बरीचशी ते परत पाठवतात, म्हणून ढगाळ रात्र उबदार. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारं पडलेलं असलं की अडवायला कुणीच नाही. अशा रात्री गवताचं पातं आणि हरभऱ्याचा शेंडा पेटीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गार होऊ शकतो. वर ५, खाली शून्य. मग दहिवर (दव) पडायच्या ऐवजी हवेतली वाफ पात्यावरच गोठते. त्यात गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगटात साचते. तुमचा ओढाकाठ हे त्या रात्री गार हवेचं डबकं झालं होतं. माळावरच्या शेजाऱ्याला विचारून बघा, त्याच्याकडे पांढरं दिसलं नसेल.

म्हणजे वारं सुटलेल्या रात्री आपल्याला जास्त झोंबतं, पण पीक वाचतं, कारण वारा वरची उबदार हवा खाली मिसळतो. धोका वारं पडलेल्या, चांदण्या लखलखीत दिसणाऱ्या रात्रीचा.

पिकासाठी काय करायचं? अशी रात्र येणार दिसली की दुपारीच हलकं पाणी द्या. ओलं रान उन्हाची ऊब जास्त साठवतं आणि रात्रभर सोडत राहतं. पहाटे तीनला पाण्यात उभं राहायची गरज नाही. आमच्या भागात पंपाची लाईट रात्री येते म्हणून माणसं गारठ्यात आणि साप-विंचवांत उतरतात, ते बघवत नाही. फक्त हरभरा आहे, बेताबेतानं. पाणी जास्त झालं तर उभळेल, म्हणजे पिवळा पडून वाळेल. तुषार संच रात्री चालू केलात तर ऊन येऊन पात्यावरचं पांढरं वितळेपर्यंत थांबवायचा नाही. मध्येच लाईट गेली तर ओलं पान वाळताना आणखी गार पडतं, म्हणजे न लावलेलाच बरा. ओला पाला जाळून धूर करतात, पण धूर आभाळाकडे जाणारी ऊब फारशी अडवत नाही. करायच्याच तर बांधाबांधानं छोट्या छोट्या शेकोट्या, एक मोठी नको. मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते. हरभऱ्याची फुलं गळाली असतील तर लगेच फवारणीच्या मागे लागू नका. दिवस-रात्रीची सरासरी १५ अंशांच्या खाली गेली की घाटे धरत नाहीत, ऊब आली की पुढची फुलं धरतात.

आणि हे विसरू नका : ज्वारीच्या खोडव्याला, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेल्या खोडांना, कोवळे फुटवे आले असतील आणि त्यांच्यावर पांढरं पडलं असेल तर गाय-शेळ्या तिकडे सोडू नका. गोठलेलं कोवळं पान फाटून त्यातलं विष मोकळं होतं. जुनी माणसं ‘किराळ लागली’ म्हणतात ते हेच. जनावर तासाभरातसुद्धा जाऊ शकतं. फुटवे पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

आता गोठा. पत्राही रात्री गवतासारखाच आभाळाकडे ऊब सोडतो आणि आतल्या हवेपेक्षा गार होतो. जनावरांच्या श्वासाची आणि मुताची वाफ त्याला लागते, पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब खाली गळतं. ताडपत्रीनं कोंडलं की ती वाफ जाणार कुठं? वर मुताचा उग्र वास फुप्फुसं जाळतो आणि शेकोटीचा धूर त्यात भर घालतो. सकाळी लवकर गोठ्यात जाऊन शेळीच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले तर गोठा बंद आहे, मग तो कितीही उबदार वाटो.

ताडपत्री सोडा. उत्तर आणि पूर्वेच्या अंगाला छातीइतका तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) तट्टा बांधा, आतून बारदानाचं कापड लावा. वर पत्र्याखाली समोरासमोर वीतभर जागा उघडी ठेवा. वारा जनावराच्या अंगाला लागायचा नाही आणि वाफ वरून जाईल. पत्र्यावर कडब्याचा किंवा पाचटाचा थर टाकून दोरीनं आवळा, गळती थांबेल. मात्र असं छप्पर केलं की शेकोटी गोठ्याच्या आसपाससुद्धा नको. एका ठिणगीत वर्षभराचा कडबा आणि जनावरं दोन्ही जातात.

खाली तुरीचं भुसकट किंवा गव्हाचं काड, रोज संध्याकाळी नवा थर. जमलंय का ते बघायला गुडघे टेकून थोडा वेळ बसा. लुगड्याला, धोतराला ओल लागली तर थर कमी आहे. कोरड्या काडावर बसलेली, कास कोरडी असलेली शेळी आपल्याकडची थंडी सहज काढते. तिची शेगडी तिच्या पोटात असते. संध्याकाळी पोटभर कडबा, तुरीचं कुटार टाका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते रात्रभर आंबतं आणि त्याची ऊब तयार होते. हौदातलं रात्रीचं गारठलेलं पाणी सकाळी पाजू नका. विहिरीचं ताजं उपसा, ते कोमट असतं.

करडाला मात्र ही पोटातली शेगडी नसते, आणि जन्मताना अंग ओलं असतं. तुमचं करडू तिथं कमी पडलं असावं. पुढच्या वेळी शेळी व्यायली की शेळीला चाटू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. जुन्या सुती कापडानं कोरडं होईस्तोवर चोळा, कान आणि पाय विशेष. पहिल्या तासात चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, पोटात गेलाच पाहिजे. मग करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घाला. तोंड गरम आणि बोट ओढतंय, तर ठीक. तोंड गार असेल आणि ओढत नसेल तर बाटलीनं दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मी सगळ्यात जास्त करडं या एका मायेपोटी जाताना बघितली. करडाचं अंग साधारण ३९ अंश असतं. ३७ च्या खाली गेलं की आधी ऊब, मग दूध. पोत्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही अंगांना ठेवा, तोवर डॉक्टरांना फोन करा. एक साधी टोपली, खाली काड, वर पोतं, आणि करडं दोन-तीन एकत्र. एकमेकांची ऊब फार कामाची असते.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून माझ्या वीस गावरान कोंबड्यांनी अंडी जवळजवळ बंद केली. बाजरी खाऊ घालते, गूळ घालते. – एक ताई, गंगाखेड

उत्तर : ताई, बाजरी चांगलीच, पण थंडीपेक्षा हा दिवसाचा खेळ आहे. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. कोंबडीला अंड्यासाठी १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. खुराड्यात एक लहान बल्ब पहाटे चारला लावा आणि वेळ रोज तीच ठेवा. दोन-तीन आठवडे धीर धरा. ज्या पिसं टाकतायत त्यांच्याकडून सध्या अंड्यांची आशा धरू नका, त्यांचं शरीर पिसांच्या कामात गुंतलेलं आहे.

प्रश्न : आखाड्यावर पत्र्याच्या एकाच खोलीत सासूबाई, मी आणि महिन्याचं बाळ झोपतो. सासूबाई रात्री कोळशाची शेगडी आत घेतात आणि दार लावतात. सकाळी माझं डोकं जड असतं. त्यांना कसं सांगू? – एक सून, सेनगाव तालुका

उत्तर : बाई, हे आजच सांग. माझं नाव सांगून सांग. तुझं जड डोकं हा इशारा आहे. बंद खोलीत निखारे धुमसतात तेव्हा एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो, आणि झोपेतच जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी जाणवली तर सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर मोकळ्या हवेत ये आणि दवाखाना गाठ.

सासूबाईंना थंडी वाजते हे खरंच आहे, म्हणून नुसतं शेगडी काढ म्हणू नकोस, त्या जागी दुसरं दे. त्यांची ऊब वरून कमी आणि खालून जास्त जाते. सतरंजीखाली वाळलेल्या कडब्याचा हातभर थर घाल, त्यावर घोंगडी. पायाशी गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. बाळाला कुंची घाल, उघडं अंग तुझ्या छातीला लावून वरून गोधडी घे, तोंड उघडं राहील असं बघ. शेगडी संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांनी मिळून शेकावी आणि निजायच्या आधी अंगणातच पाणी शिंपडून विझवावी.